विहीणबाईंचे मोजे आणि माझं तेल

१ मार्च, रविवार. दुपार.

सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर विहीणबाई. जेवायला या म्हटलं होतं, बाई चहालाच हजर. माझे केस ओले, ओटा पसरलेला. मागून व्याही, दोन्ही हातांत पिशव्या, तोंडात शब्द नाही. त्यांचा आवाज मी लग्न ठरवताना ऐकला होता, त्यानंतर नाही.

सूनबाई दारातच "आई!" करून गळ्यात पडली. मला ती "अहो आई" म्हणते. एका "अहो"चा फरक. मी मनाला लावून घेत नाही. लग्न झाल्यापासून लावून घेतलेलं नाही.

मग भिंगरी आली आणि तीही तिकडेच चिकटली. भिंगरी म्हणजे माझी नात. त्यांचीही आहे म्हणा, पण वाढली माझ्या हाताखाली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. पत्रिकेतलं नाव विहीणबाईंनी सुचवलेलं, ते कॉलेजच्या हजेरीपुरतं उरलंय. आता कॉलेजात आहे आणि लांब पल्ल्याचं पळते. बावीस तारखेला तिची एकवीस किलोमीटरची शर्यत.

पिशवीतून एक चपटा डबा निघाला. मला वाटलं खाऊ. निघाले मोजे. काळे, गुडघ्यापर्यंतचे, कॉम्प्रेशनचे म्हणे. विहीणबाई हॉस्पिटलात मेट्रन होत्या. स्वतः रिटायर झाल्या, आवाज झाला नाही. म्हणाल्या, हे पोटरीला आवळून धरतात, रक्त वर ढकलतात, पाय थकत नाही. मी म्हटलं, आमच्या वेळी रक्त आपलं आपण वर जायचं. कुणी हसलं नाही. हे हसले, पण ते टीव्हीला.

घालण्याचा सोहळा बघण्यासारखा होता. भिंगरी पलंगावर उताणी, पाय छताला. सूनबाईने खांदे धरलेत, विहीणबाई ओढतायत. लहान खोळीत मोठी उशी कोंबावी तसा पाय कोंबला. मग पोर उठून घरभर उड्या मारत सुटली. माई, काय भारी वाटतंय गं! विहीणबाईंना ती माई म्हणते.

मला आनंदच झाला. का होऊ नये? नातीचं कौतुक कुणीही करावं.

संध्याकाळ.

रोजच्यासारखं तेल कोमट केलं. भिंगरी पळून आली की संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावून चोळते. ती पालथी पडून कॉलेजातलं सगळं सांगते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं कुणाशी जमलंय. तिच्या आईला जे माहीत नाही ते मला या पोटऱ्यांकडून कळतं. आज म्हणाली, आजी, आज नको, मोजे झोपेपर्यंत ठेवायचेत.

मी काही बोलले नाही. इतकंच म्हणाले की बरं, राहू दे, तेल काय, ओतून देते, म्हातारीचे हात काय, दुखतातच, नव्या गोष्टी चांगल्याच असतात. यापलीकडे एक अक्षर नाही.

निघताना खरी गोष्ट बाहेर पडली. त्यांच्या घराजवळ मोठं मैदान आहे, मागे टेकडीचा चढ आहे, एक चांगली कोच आहे. शर्यत झाली की भिंगरीला वर्षभर आमच्याकडे राहू दे, विहीणबाई म्हणाल्या. कॉलेजला तिकडूनही बस आहे. चिरंजीव म्हणाले, विचार करू. सूनबाई काहीच बोलली नाही, म्हणजे विचार झालेला आहे.

हं. आधी पाय पकडला. आता पोर नेणार.

मला मत्सर वगैरे नाही. तो माझा स्वभावच नाही. तो विहीणबाईंचा.

३ मार्च, मंगळवार.

ठरवलं. मोज्यांबद्दल आजपासून चकार शब्द काढायचा नाही. मोज्यांत काही दम नसतो हे सगळ्यांना आपोआप कळेल. मोजे पडले की विहीणबाईंचं शहाणपण पडेल, आणि पोर इथेच राहील. आपण फक्त शांत बसायचं.

चहाच्या वेळी दोनदा काढला. नाश्त्याला एकदा. पण ओझरता.

५ मार्च, गुरुवार.

मोजे धुवायचं माझ्याकडे आलं. सूनबाईने बजावलं, अहो आई, गार पाणी, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. मोजे आहेत की बाळंतीण?

आता झालं असं की गरम पाणी आयतंच तापलेलं होतं. हेतू शुद्ध होता. गरम पाण्याने मळ निघतो. तेवढ्यात आटले असते तर तो मोज्यांच्या नशिबाचा भाग. मग चांगले पिळले आणि कडक उन्हात घातले. व्हिटॅमिनं मिळतात.

संध्याकाळी भिंगरीने घातले. एका झटक्यात वर. मी श्वास रोखून बसलेली. म्हणाली, आजी! काय केलंस तू? आधी गुडघ्याखाली रुतायचे, आता कसे छान बसले! फोन लावून माईलाही सांगितलं. तिकडून आवाज आला, बघा, मी म्हटलं नव्हतं, अंगावर बसायला वेळ लागतो.

माझ्या गरम पाण्याचं श्रेय त्यांना. लोकांना उपकाराची जाण नाही.

८ मार्च, रविवार. सकाळ.

आज शास्त्रीय प्रयोग केला. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण प्रयोगाला शाळा लागत नाही, डोकं लागतं. भिंगरीला म्हटलं, एका पायात मोजा घाल, दुसऱ्याला मी तेल लावते, आणि पळून ये. होऊन जाऊ दे. पोर गुणी आहे, हसत हसत तयार झाली. डाव्या पायात मोजा, उजव्याला तेल.

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. हे बाहेर आले, कशाची वाट बघतेस? म्हटलं, कुठला पाय आधी येतो बघते. हे म्हणाले, अगं, दोन्ही पाय एकाच पोरीचे आहेत. जन्मभर ऑफिसात बसलेल्या माणसाला प्रयोगातलं काय कळणार?

आली. मोज्याचा पाय होता तसा. तेलाच्या पायाला वाटेतली सगळी धूळ, दोन पानं आणि एक मुंगळा. सूनबाई नळाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. म्हटलं, मातीचा लेप आहे, लोक मुद्दाम लावून घेतात.

भिंगरी म्हणाली, आजी, दोन्ही सारखेच दमलेत.

सारखेच! म्हणजे तेल जिंकलं. बरोबरीत सुटलं की जुनंच जिंकतं.

९ मार्च, सोमवार.

डावा पाय आज थोडा कमी दुखतोय, असं भिंगरी म्हणाली. मी विचारलं, थोडा म्हणजे किती? ती म्हणाली, थोडा म्हणजे थोडा.

नोंद करण्यासारखं आज काही घडलं नाही.

१२ मार्च, गुरुवार.

नवीन कळलं. पळणारे हातालाही तसलंच काहीतरी चढवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. भिंगरीने फोनवर दाखवलं. मी म्हटलं, अगं, ही तर बाही! पुढे अंगच नाही, नुसती बाही. आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले मी. बाही कुणाला शिकवता?

विहीणबाईंनी मोजे विकत आणले. मी माझ्या हातांनी शिवणार. शर्यतीत सगळ्यांना दिसेल. पाय खाली असतात, हात वर असतात.

ताणणारं कापड हवं होतं. यांची पोहण्याची चड्डी सापडली. रिटायर झाल्यावर रोज पोहायला जाणार होते. पाण्याला अजून कळवलेलं नाही. कापली. कडेला परकराचं रुंद इलॅस्टिक. माप भिंगरीच्या दंडाचं घेतलं आणि त्याच्या आत बोटभर कमी केलं. आवळण्यातच गुण असेल तर गुण भरपूर असू दे.

१३ मार्च, शुक्रवार.

बाही तयार झाली. भिंगरी कॉलेजला गेलेली. हे पेपर वाचत होते, डावा हात मोकळाच होता. चढवली. काय सुंदर बसली! हे म्हणाले, काय आहे हे? म्हटलं, तुमची चड्डी. पुढे विचारलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, बोटं गार पडली. म्हटलं, रक्त वर गेलंय, तेच तर तिचं काम. आणखी थोड्या वेळाने म्हणाले, बोटं कोवळ्या वांग्यांसारखी दिसतायत. मी चष्मा लावून बघितलं. दिसत होती. ओढली, निघेना. साबण लावला, निघेना. तेल लावलं, तर माझेच हात निसटायला लागले. हे ओरडले, अगं, या हाताला एवढीच बोटं आहेत, उतरव! शेवटी कात्री.

संध्याकाळपर्यंत हात वर धरून बसले होते, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखे. सूनबाईने विचारलं तर म्हणाले, व्यायाम. माणूस तसा चांगला आहे.

दुसऱ्या बाह्या सैल शिवल्या. भिंगरीला फार आवडल्या. शर्यतीला घालीन म्हणाली. गळ्यात पडली. गालाला माझ्या चष्म्याची काडी लागली तरी सोडलं नाही.

विहीणबाईंना फोन करून सहज सांगितलं. मुद्दाम नाही.

१५ मार्च, रविवार.

आज विहीणबाई त्या कोचला घेऊनच आल्या. मला वाटलं होतं शिट्टीवाली कुणी दांडगी असेल. निघाली काटकुळी पोरगी, बूट दाराबाहेर काढून, नीट नमस्कार करून आत आली. माझ्या चहाला चांगला म्हणाली. पोरगी वाईट नाही.

मी संधी साधली. सगळे बसलेत, विहीणबाई समोर. विचारलं, कोचबाई, खरं सांगा, या मोज्यांनी पळणं वाढतं का?

कोच म्हणाली, आजी, तपासून बघितलंय लोकांनी बऱ्याचदा. मोजे घातले म्हणून शर्यतीचा वेळ कमी होतो असं काही ठामपणे दिसत नाही.

आहाहा! मी तिला आणखी चहा ओतला. कप भरलेलाच होता, बशीत गेला.

पुढे म्हणाली, दुसऱ्या दिवशीचं दुखणं काहींना थोडं कमी वाटतं, काहींना नाही. ज्याला बरं वाटतं त्याने घालावेत. फक्त मापाचे हवेत, उगाच घट्ट नकोत. इथे हे खोकले.

विहीणबाईंनी पदर सावरला. म्हणाल्या, वॉर्डात उभं राहून राहून माझे पाय सुजायचे, ते याच मोज्यांनी टिकले. कोच म्हणाली, माई, ते वेगळं. सूज येणाऱ्यांना उपयोग असतोच. पळणाऱ्यांचं तेवढं पक्कं नाही. विहीणबाई गप्प! व्याह्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून बिस्किटावर ठेवली. असा दिवस पुन्हा येणार नाही.

मग सूनबाईला काय अवदसा आठवली, तिने विचारलं, आणि तेल लावून चोळण्याचं काय? कोच म्हणाली, तेही साधारण तसंच. वेग वाढत नाही, पण बरं वाटतं, आणि... पुढचं मला ऐकू आलं नाही. स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात होतं. जाऊन बघितलं तर गॅसवर काही नव्हतं.

परत येऊन मुद्द्याचं विचारलं. मोज्यांत दम नाही ना? मग पोरगी इथेच राहिली तरी चालेल. कोच म्हणाली, आजी, मोज्यांचा आणि त्याचा काय संबंध? तिला चढ हवा. सोबत पळणाऱ्या चार मुली हव्यात. इथे ती एकटीच सपाट रस्त्यावर पळते.

चिरंजीव म्हणाले, शर्यत होऊ दे.

एकंदरीत आज माझा विजय झाला. किरकोळ मुद्दे सोडून.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

शर्यत झाली. लिहायला आत्ता बसले.

विहीणबाई आणि व्याही कालच मुक्कामाला आले. पहाटे भिंगरी तयार झाली. पायांत त्यांचे मोजे, हातांत माझ्या बाह्या. सूनबाई म्हणाली, दोन्ही आज्यांनी मिळून पाकीट केलंय पोरीचं.

आम्ही दोघी पाण्याच्या टेबलाशी उभ्या राहिलो, दोरीच्या पुढे. स्वयंसेवक म्हणाला, आजी, मागे व्हा. दोघी एकदम म्हणालो, आमची नात आहे. तो म्हणाला, बरं, मग दोघीही मागे व्हा.

पळणारे यायला लागले. मी हात बघत होते, विहीणबाई पाय. कितीतरी जणांच्या पायांत तसलेच मोजे. विहीणबाई प्रत्येकाकडे मान हलवून मला दाखवत होत्या. ते सगळे मागून येणारे होते. सगळ्यांत पुढे एक उंच मुलगी गेली, पोटऱ्या उघड्या, हातात काही नाही. मी विहीणबाईंकडे मान हलवली.

मग भिंगरी दिसली. मी ओरडले, बाह्या! विहीणबाई ओरडल्या, मोजे! बाह्या घामाने घसरून मनगटाशी गोळा झाल्या होत्या. तिने पळता पळता दोन्ही ओढून काढल्या आणि फेकल्या. माझ्या अंगावर आल्या, ओल्याचिंब. विहीणबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, उकडतं हो पोरांना.

पण मी दुसरंच बघितलं. भिंगरी आमच्याकडे बघतच नव्हती. ना माझ्याकडे ना त्यांच्याकडे. ती पुढच्या मुलीच्या पाठीकडे बघत होती. अशी नजर मी तिची कधी बघितली नव्हती. तेल लावताना ती पालथी असते.

मुलींत पाचवी आली. आजवरचा तिचा सगळ्यांत चांगला वेळ, असं कोच म्हणाली. रेषेपलीकडे जाऊन खाली बसली आणि हाक मारली, आई गं! आम्ही दोघी ओ देत धावलो. तिला तिची आई हवी होती.

२३ मार्च, सोमवार.

सकाळी भिंगरीचे पाय असे धरलेत की जिना बसून उतरली. मोजे घालूनही. मी विहीणबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. एकदाच.

तेल कोमट केलं. आज नको म्हणाली नाही. पालथी पडली, पण गावगप्पा नाहीत. मग उशीत तोंड ठेवूनच म्हणाली, आजी, जाऊ का मी माईकडे? तू नको म्हणालीस तर नाही जाणार.

आता हे असं विचारायचं असतं का? आई आहे, बाप आहे, त्यांना विचार. सगळं घर एका म्हातारीच्या गळ्यात. माझा हात पोटरीवर थांबला. नको म्हणायला किती वेळ लागतो? जीभ तयार होती.

मी म्हटलं, मोज्यांसाठी जाणार असशील तर नको. चढासाठी जाणार असशील तर जा.

म्हणाली, चढासाठी.

मला वाटलं होतं थोडा विचार करेल.

तेवढ्यात विहीणबाई आत आल्या. खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, विहीणबाई, जरा मला दाखवा ना कसं चोळता ते. तिकडे रोज मी चोळीन. पोरीला सवय आहे.

बघा! मोजे झाले, पोर झाली, आता माझे हातही हवेत. मी म्हटलं, अहो, तुमचं तर शास्त्र आहे. त्या म्हणाल्या, शास्त्र असू दे, तिला तुमचं तेल आठवेल.

बाईला भांडताही नीट येत नाही.

शिकवलं. घोट्यापासून वर, अंगठे आत, दाब सोडत सोडत. त्यांचा हात तसा हलका आहे. इंजेक्शनं दिलेला हात. वाकल्या तेव्हा साडी वर सरकली, पोटरीवर निळ्या शिरा, दोऱ्याचे गुंते असावेत तशा. मी नजर वळवली. माझ्याही पायांना मशीन चालवून संध्याकाळी सूज असते, पण ते कुणाला सांगायचं कारण नाही.

मात्र शिकवलं पोटरीपर्यंतच. गुडघ्यामागची आणि टाचेची पद्धत सांगितली नाही. म्हटलं, ते अवघड आहे, एका बैठकीत येत नाही.

२९ मार्च, रविवार.

परवाच नेलं.

सामान भरताना मी बजावलं होतं, रडायचं नाही. कुणी रडलं नाही. मीच जरा, ते कांद्यामुळे. कांदा आदल्या दिवशी चिरला होता.

सगळ्यांना उगाच वाटतं की घर रिकामं वाटेल. काही वाटत नाही. उलट निवांत आहे. संध्याकाळी सवयीने तेल कोमट केलं. मग वाया कशाला घालवायचं, यांना म्हटलं, झोपा पालथे. हे म्हणाले, मी काय केलंय? झोपले. कॉलेजातलं काही सांगेनात. थोड्या वेळाने घोरायला लागले.

विहीणबाई जाताना माझ्या हातात एक चपटा डबा ठेवून गेल्या. तेच मोजे, माझ्या मापाचे. म्हणाल्या, मशीनवर बसताना घाला, तुमच्या घोट्यांकडे माझं लक्ष होतं. बघा कशी नजर! मी घालणार नव्हतेच. पण एखाद्या वस्तूतले दोष काढायचे तर ती आधी वापरून बघावी लागते. म्हणून आज सकाळी घातले. हे खांदे धरून, मी ओढून. दिवसभर होते. सूज आज कमी आहे. हवा पालटली असणार.

मघाशी फोन आला. भिंगरी नाही, ती चढावर गेली होती. विहीणबाईच होत्या. म्हणाल्या, पोटरीपर्यंत मी व्यवस्थित चोळते, पण पोरगी म्हणते, गुडघ्यामागे आजी काहीतरी करते, ते तुला येत नाही. मी म्हटलं, ते फोनवर सांगण्यासारखं नाही हो. हातात हात घेऊन दाखवावं लागतं. त्या म्हणाल्या, मग येतो आम्ही. तिघेही. शिकूनच जाईन.

मी म्हटलं, सवडीने या, मला काही घाई नाही.

बारा एप्रिल, रविवार. जेवायला या म्हटलंय, म्हणजे चहालाच येतील.